भिंगरीनं काय घालायचं

१४ ऑक्टोबर

ती. आई,

नमस्कार. पोचले एकदाची. शेवटचा चढ गाडीला चढवेना, म्हणून सगळे खाली उतरलो आणि माझी ट्रंक मीच वर ओढत नेली. तरी दम लागला नाही, इतकी हरखून गेले होते. हे हवामान केंद्र म्हणजे डोंगराच्या टकलावर ठेवलेलं चार खोल्यांचं घर आहे. एकीत यंत्रं, एकीत साहेब, एकीत स्वयंपाकी आणि त्याची भांडी, चौथीत मी. गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या सारख्या गरगरत असतात. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे बघून आपली भिंगरी आठवली आणि नोंद लिहिता लिहिता डोळे भरून आले. साहेबांनी विचारलं, तर वारा लागला म्हणून सांगितलं.

आता खरी बातमी ऐका. अंगणापलीकडे कुटुंबासाठी वेगळी जागा आहे, दोन खोल्या आणि ऊन येणारी ओसरी. तिथले जुने निरीक्षक मार्चमध्ये बदलून जाणार आहेत. साहेब म्हणाले, “मुलीला आणणार असाल तर जागा तुम्हाला देतो.” मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते, पण जीभ आवरली. हे बोटीवर, त्यांचा पुढचा मुक्काम कुठल्या बंदरात ते त्यांनाही ठाऊक नाही. साडेचार वर्षांची पोर तुम्ही सांभाळताय, तेव्हा शब्द तुमचा. पण आई, हो म्हणा. मी इथे आत्तापासूनच तिचा पलंग कुठे ठेवायचा ते ठरवून बसलेय.

आणि एक युक्ती सुचलीय. सकाळी हिला काय घालायचं यावरून तुमच्याकडे रोज महाभारत होतं ना? इथे फोन नाही, फक्त कामाचा वायरलेस आहे. तुमच्या गावातल्या हवामान कचेरीतून रोज सकाळी तिथल्या नोंदी त्यावरून येतात आणि पुढचा अंदाज मी बांधते. म्हणजे भिंगरीचे कपडे मी इथूनच ठरवून देऊ शकते. सोमवारी ऊन, बिनबाह्यांचा फ्रॉक. मंगळवार-बुधवार वारा, कोट. गुरुवारी जोराचा पाऊस, रेनकोट आणि गमबूट. शुक्रवारी पुन्हा ऊन. हा कागद कपाटावर चिकटवा. तुमची कटकट वाचेल आणि मलाही वाटेल की रोज सकाळी तिला मीच तयार करतेय.

तुमची,
सून


३ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी हाती आलं. कागद कपाटावर चिकटवला आणि सोमवारपासून अंमल सुरू केला. सोमवारी तू ऊन लिहिलंस. बाहेर असं धुकं की दुकानात बसून मला सुईत दोरा ओवता येईना. पण म्हटलं, शिकलेली बाई आहे, यंत्रं हाताशी आहेत, उगाच लिहील का? फ्रॉक घातला आणि वर माझ्या जबाबदारीवर कोट चढवला.

गुरुवारी मात्र हद्द झाली. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि मी पोरीला रेनकोट, टोपी, गमबूट असं सगळं चढवतेय. तिनं ते घालून घेतलं, मग स्टुलावर चढून खिडकी उघडली, खांद्यापर्यंत हात बाहेर काढला, जरा फिरवला आणि म्हणाली, “आजी, आईचा पाऊस बाहेर नाहीये.” मी म्हटलं, “लिहिलंय म्हणजे येईल.” तशीच तिला घेऊन निघाले. समोरचा सायकलवाला पंक्चर काढायचं सोडून बघत राहिला. “काय आजी, नदीला पूर येणार आहे का?” “वरून हुकूम आलाय,” म्हणून मी पुढे सटकले. बालवर्गाच्या दारात पोरीनं विचारलं, “आई खोटं लिहिते का?” त्याचं उत्तर तूच दे. मी तुझ्या बाजूनं वकिली करणार नाही.

आता मार्चचं. हिचा बाप हिच्याएवढा असताना छातीत भरून अंथरुणाला खिळला होता. त्याची ती धाप मी अजून विसरले नाही. तेव्हापासून ठरवलं, या घरातल्या पोराला वारा लागू द्यायचा नाही. भिंगरीच्या कोटाची बटणं मी मुद्दाम पाठीमागे लावली आहेत. सगळ्या गल्लीतल्या पोरांना तसेच कोट शिवून देते. पोरांना काढता येत नाहीत, आया खूश, माझं दुकान चालतं. तुझ्या त्या टकलावर तू गच्चीवर वाट्या मोजत बसलीस की पोरीकडे कोण बघणार? कालच ही पोहायचा पोशाख आणि वर लोकरीची कानटोपी अशा थाटात बालवर्गाला निघाली होती.

तेव्हा एकदाच लिहिते. ज्या सकाळी भिंगरी मी न सांगता, हवा बघून, नीट कपडे घालून माझ्यासमोर उभी राहील, त्या दिवशी तिची पेटी मी माझ्या हातानं भरून तुझ्याकडे धाडीन. तोवर विषय बंद.

तुझी सासू


१७ नोव्हेंबर

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून इतकी हसले की स्वयंपाकी हातातली पळी घेऊन धावत आला. चूक सगळी माझी. मी नुसते वार लिहिले, तारखा लिहिल्याच नाहीत. टपालाची गाडी इथून आठवड्यातून एकदा उतरते, मग पत्र रमतगमत तुमच्याकडे पोचतं. तुमच्या हाती पडेपर्यंत माझा पाऊस पडून वाळूनही गेला होता. म्हणजे तुम्ही पोरीला मागच्या पंधरवड्याच्या हवेचे कपडे घातलेत. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, शिळा अंदाज इतक्या इमानानं पाळणारं माणूस केंद्राला आजवर भेटलं नव्हतं.

भिंगरीला सांगा, आई खोटं लिहीत नाही, पण आईला पोचायला उशीर होतो. हे वाक्य लिहिताना मला हसू आलं नाही.

पण आई, तिनं काय केलं ते बघितलंत का? हात बाहेर काढून बघितला. आम्ही इथे एवढी यंत्रं लावून जे करतो, तेच. मी खोलीभर येरझाऱ्या घालत होते आनंदानं. तेव्हा माझे अंदाज आजपासून बंद, आणि तुमचा शब्द मी घट्ट धरलाय. रागात लिहिलात हे कळलं, पण लिहिलात. त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढून पत्र उशाशी ठेवलंय.

आता तिला संधी तरी द्या. तिच्या कपड्यांच्या खुंट्या तिचा हात पोचेल इतक्या खाली ठोकून घ्या, सायकलवाला ठोकून देईल. सकाळी “हे घाल” म्हणायचं नाही, “हवा बघितलीस का?” एवढंच विचारायचं. चुकीचं घातलं तर घालू द्या. जास्तीचा कपडा तुमच्या पिशवीत असू द्या, म्हणजे काही बिघडत नाही. आणि तिनं तो मागितला की “मी सांगितलं होतं” हे वाक्य उच्चारायचं नाही. हा नियम सगळ्यात कडक.

आणखी एक, रागावू नका. ती पाठीमागची बटणं. ज्या कोटातून स्वतःला बाहेर पडता येत नाही, तो घालावासा कुणाला वाटेल?

तुमची,
सून


८ डिसेंबर

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. तू मला घरबसल्या नोकरीला लावलंस. वर माझ्या तोंडातलं वाक्य काढून घेतलंस. “मी सांगितलं होतं” हे गेलं तर या वयात माझ्याकडे बोलायला उरतं काय?

तरी लिहिते, कारण सांगितल्यावाचून राहवत नाही. खुंट्या खाली आल्या. पहिल्या सकाळी विचारलं, “हवा बघितलीस का?” हिनं खिडकीकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि बिनबाह्यांचा फ्रॉक ओढला. बाहेर दात वाजावेत अशी थंडी. मी जीभ दाताखाली धरली, कोट पिशवीत कोंबला आणि निघाले. गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी पोर विकायला चाललेय. सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत ही उड्या मारत गेली. तिथे थबकली. दंडावर काटा आलेला.

“आजी, मला टोचतंय.”

“काय टोचतंय?”

“हवा.” मग जरा विचार करून, “माझा कोट कुठेय?”

“पिशवीत.”

सूनबाई, ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. कोट काढून दिला. त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही, ते वाक्यच पोटात बसलं होतं.

आता पुढचं ऐक. कोट घालायची वेळ आली तेव्हा हिला बटणं लागेनात, पाठीमागे हात पोचणार कसा? माझ्यापुढे पाठ करून उभी राहिली, मान खाली घालून. इतकी वर्षं पोरं माझ्यापुढे अशीच उभी राहिली आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा कोट मशीनवर घेतला. पाठ शिवून बंद केली, पुढून मधोमध कापला, पट्टी लावली, काजं केली आणि लाकडाची मोठमोठी बटणं लावली. दुसऱ्या दिवशी हिनं तो घातला. एक बटण वरचं खाली गेलं, कोट तिरका बसला. माझे हात असे शिवशिवत होते की ते पाठीमागे बांधून उभी राहिले. ही कितीतरी वेळ खटपट करत होती, नाक लाल, जीभ बाहेर. शेवटचं बटण लागलं तशी दार उघडून रस्त्यात धावली आणि सायकलवाल्याला ओरडून सांगितलं, “मी घातला.” त्यानं चाक खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. माझ्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं होतं त्या दिवशीही मी एवढी खूश झाले नव्हते, खरं सांगते.

आता दोन आया कोट परत घेऊन आल्यात, बटणं पुढे करून द्या म्हणून. तुझ्यापायी माझं काम वाढलंय.

पण हुरळून जाऊ नकोस. थंडी लागल्यावर कोट मागणं वेगळं आणि आधी ओळखून घालणं वेगळं. माझा शब्द दुसऱ्याबद्दल होता.

तुझी सासू


२२ डिसेंबर

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र मी आधी मनात वाचलं, मग स्वयंपाक्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग साहेबांना. साहेबांनी “हवा टोचतेय” हे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. म्हणाले, इतकी वर्षं मी थंडीचे अहवाल लिहितोय, हा शब्द मला सुचला नाही.

मला तर आता दम धरवत नाही. मीही तिच्यासारखंच सुरू केलंय. सकाळी यंत्राकडे बघायच्या आधी दार किलकिलं करून हात बाहेर काढते, मनाशी तापमानाचा आकडा ठरवते आणि मग तापमापक बघते. दहादा चुकते. परवा अगदी अचूक आला आणि मी एकटीच गच्चीवर नाचले. बर्फ पडायला लागलंय. भिंगरी हे बघेल तेव्हा तिचं तोंड कसं होईल, याची चित्रं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पण एक अडचण आलीय. त्या दोन खोल्या साहेबांच्या मदतनिसालाही हव्यात, त्याचं लग्न ठरलंय. साहेब म्हणाले, ३१ जानेवारीपर्यंत तुमचं नक्की सांगा, नाहीतर जागा त्याला देतो. एकदा दिली की मग काही वर्षं विचारायची सोय नाही. तेव्हा आई, ती कुठवर आलीय ते कळवा. आधी ओळखून घालायला लागली का? मी घाई करत नाही. म्हणजे करतेच आहे.

तुमची,
सून


१२ जानेवारी

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. घरात सर्दीनं मुक्काम ठोकलाय. खोकला, ताप, गोळ्या, गरम पाण्याच्या पिशव्या. दुकान बंद ठेवलं. या हवेच्या खेळातून हेच निघायचं होतं. खुंट्या पुन्हा वर ठोकून घेतल्या आहेत.

जागेचं तुला योग्य वाटेल तसं कर. मला यापुढे काही लिहायचं नाही.

तुझी सासू


२४ जानेवारी

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र आज आलं आणि गाडी लगेच परत निघतेय, म्हणून चार ओळीच लिहिते.

तिला ताप चढला तेव्हा मी इथे गच्चीवर नाचत होते. हा हट्ट माझा होता, तुमचा नव्हता. तुम्ही नको म्हणत होतात आणि मी तुमच्या रागातल्या एका ओळीला चिकटून बसले. ताप उतरला का? छाती मोकळी आहे ना? खोकला रात्री जास्त येतो का? मी तिच्याजवळ नाही आणि तुम्हाला एकटीला सगळं निस्तरावं लागतंय, याचं फार वाईट वाटतं.

३१ ला मी साहेबांना नाही म्हणून सांगते. मदतनीस चांगला मुलगा आहे, त्याचा संसार सुरू होऊ दे. भिंगरी तुमच्याजवळ राहू दे. बटणं पाठीमागे लावली तरी चालतील.

सून


३१ जानेवारी
(गावच्या हवामान कचेरीकडून वायरलेसवर आलेल्या सकाळच्या नोंदी)

आभाळ निरभ्र. वारा उत्तरेकडून, मंद. पाऊस नाही. भिंगरी ठणठणीत. सर्दी मला झाली होती. जागा सोडू नकोस. पत्र पाठोपाठ येतंय. आजी.


१ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. निरोप मिळाला म्हणून तुझ्या साहेबांनी कालच उलट कळवलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता सगळं सविस्तर.

मी खोटं लिहिलं नव्हतं. पण तू चुकीचं वाचावंस अशा बेतानं लिहिलं होतं, ते खोट्याहून बरं नाही. सर्दी घरात झाली होती, ती घरातल्या म्हातारीला. झाली कशी ते ऐक.

डिसेंबर संपता संपता एक सकाळ अशी उजाडली की काचेतून आत आलेल्या उन्हानं मी स्वतः फसले. म्हटलं, गेली थंडी. स्वेटर काढून ठेवला. भिंगरीला विचारायचंही विसरले. ती आपली आपणच स्टूल ओढून चढली, खिडकीतून एक हात बाहेर काढला. मग दुसरा काढला, पहिल्यावर भरवसा नसल्यासारखा. खाली उतरून लोकरीचे मोजे, कोट, कानटोपी असं एकेक घेत गेली. सगळी बटणं जागच्या जागी. मी बघत राहिले. तयार होऊन माझ्यासमोर उभी राहिली, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “आजी, तू हवा बघितलीस का?”

मी म्हटलं, “मला नको शिकवूस.” आणि तशीच निघाले.

पुलावर वाऱ्यानं मला झोडपून काढलं. उन्हाला काडीची ऊब नव्हती. ही माझा हात धरून मजेत चालतेय आणि मी दात वाजवतेय. पुलाच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं, की पोरगी जिंकली. मी न सांगता, हवा बघून, नीट कपडे घालून माझ्यासमोर उभी राहिली, माझाच शब्द. आनंद असा उसळला की तिथेच तिला उचलून गरागरा फिरवावं. आणि लगेच दुसरी गोष्ट कळली, की आता पेटी भरायची.

सूनबाई, मी थंडीला भीत होते हे खरं, पण सगळं खरं नव्हे. पोर गेली की सकाळी उठून मी कुणासाठी दूध तापवायचं, कुणाशी भांडायचं? तिला माझी गरज लागेनाशी झाली तर मी काय करायचं, ही ती भीती होती. मग सर्दी झाली, आणि मला आयतं निमित्त मिळालं. मी अंथरुणात असताना पोरीनं पांघरूण आणून दिलं, पाण्याचा पेला उशाशी ठेवला आणि एकदाही “मी सांगितलं होतं” म्हणाली नाही. तुझा तो कडक नियम तिनं पाळला. आणि मी अंथरुणातून उठते न उठते तोच खुंट्या वर ठोकून घेतल्या. सायकलवाल्यानं खिळे ठोकले, पण माझ्याशी दिवसभर बोलला नाही.

तुझं पत्र परवा संध्याकाळी आलं. “बटणं पाठीमागे लावली तरी चालतील” इथवर वाचलं आणि मला माझीच शरम वाटली. तू हरली असतीस तर मी तोंड वर करून जगले असते का? टपालावर भरवसा ठेवायची वेळ नव्हती. काल सकाळी भिंगरीला सायकलवाल्याकडे बसवलं आणि हवामान कचेरी गाठली. आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला तिथे. कारकून म्हणाले, “आजी, इथून फक्त हवामान जातं, खाजगी निरोप जात नाही.”

“हे हवामानच आहे,” म्हटलं, “माझ्या घरातलं.”

त्यांनी पेन उचललं. “तापमान?”

“उतरलं.”

बिचारे हसले आणि नोंदींच्या शेवटी लिहून घेतलं. त्यांच्या नातीचा कोट मी फुकट शिवून देणार आहे, पुढच्या बटणांचा.

घरी येऊन माळ्यावरची पेटी काढली आणि असा उत्साह चढला की पोरीचे कपडे भराभर भरायलाच बसले. ती बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, “कोण चाललंय?” तेव्हा माझे हात थांबले. आपण दोघी इतके महिने तिच्यावरून पत्रं लिहितोय. काय घालायचं ते तिला निवडू दिलं आणि कुठे राहायचं ते एकीनंही विचारलं नाही. मग तिला समोर बसवून विचारलं, “आईकडे राहायचं की आजीकडे?”

तिनं पेटीत डोकावून बघितलं. मग म्हणाली, “आधी बघून येते. मग सांगते.”

तेव्हा बजावून ठेवते, सूनबाई. ती राहायला येत नाहीये, बघायला येतेय. मार्चच्या दुसऱ्या गाडीनं मी तिला घेऊन येते आणि त्याच गाडीनं परत फिरते. तू तिची मनधरणी करायची नाहीस. मीही इथे करत नाही. थोडी केली, पण आता थांबवलीय.

तुझी सासू


२६ मार्च

ती. आई,

नमस्कार. तुम्ही गाडीत बसून गेलात, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत भिंगरी हात हलवत होती. मग म्हणाली, “आजीनं आज दोन स्वेटर घातलेत, बरं केलं.” आणि वाट्या बघायला गच्चीवर पळाली.

आता माझी फजिती. मी तुम्हाला एवढे नियम शिकवले, आणि पहिल्या सकाळी माझाच धीर सुटला. ती उठायच्या आधीच मी पलंगावर कपड्यांचा ढीग रचून ठेवला. दोन बनियनी, मोज्यांचे तीन जोड, कोट, माझी शाल, साहेबांच्या बायकोनं धाडलेली मफलर. भिंगरी डोळे चोळत उठली, ढिगाकडे बघितलं आणि म्हणाली, “हे कुणाचं?” मी मुकाट्यानं सगळं ट्रंकेत टाकलं. ती नुसत्या झोपायच्या फ्रॉकवर ओसरीत गेली. बाहेर बर्फ. मी दाराची कडी धरून उभी, बोटं पांढरी पडली माझी. आई, डोळ्याचं पातं लवायच्या आत ती आत आली, बाणासारखी, आणि खुंटीवरचं सगळंच्या सगळं अंगावर चढवलं. वर मलाच विचारलं, “तुझ्याकडे अजून काही आहे का?” तेव्हा ट्रंक उघडली. मी इतकी हसत होते की मफलर तिला गुंडाळताना गाठ बसेना. तिनंच बांधली.

सगळं केंद्र तिच्यामागे वेडं झालंय. मदतनीस त्या जागेवरून रुसेल असं मला वाटलं होतं, पण त्याला खालच्या केंद्रात बदली मिळाली, त्याची होणारी बायको तिथलीच. जायच्या आधी त्यानं आमच्या दाराशी भिंगरीच्या उंचीची खुंटी ठोकून दिली. साहेब सकाळच्या नोंदी लिहिण्याआधी तिला विचारतात, “काय म्हणतेय हवा?” आणि ती खरंच सांगते. “आज टोचत नाही, नुसती चावते.”

मी एका शब्दानंही मनधरणी केली नाही. तुमची शपथ. रोज रात्री ती झोपली की वाटायचं, उद्या सांगेल. एकदा तिला तुमच्या मशीनच्या आवाजाची आठवण आली, तेव्हा ओसरीत बसून तोंडानं तो आवाज काढत राहिली. मला वाटलं, संपलं.

काल जेवताना तिनं पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं. कोटाचे दिवस आईकडे. बिनबाह्यांचे दिवस आजीकडे. एवढंच. इतके महिने आपण दोघी तुझ्याकडे की माझ्याकडे करत बसलो, आणि तिनं वर्षाचे दोन भाग करून दोघींच्या हातात दिले. आई, मी आनंदानं रडले. जरा दुःखानंही, कारण बिनबाह्यांचे दिवस आत्ता येतीलच.

कधी आणायची ते मला लिहिता येत नाही. सकाळी कोट खुंटीवरच ठेवून ती बाहेर पडली की त्या आठवड्याच्या गाडीनं आम्ही निघू. तिचे जुने बिनबाह्यांचे फ्रॉक आखूड झाले असतील, तेवढे खाली सोडून ठेवा.

मी तिला म्हटलं, “छान ठरवलंस. आता आजीला पत्र लिहून विचारू या, चालेल का म्हणून.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “आजीला विचारायचं नाही. सांगायचं.”

म्हणून सांगतेय.

तुमची,
सून